मॉड्यूलर आरएफ सिग्नल जनरेटर पहिल्यांदाच चालू करायलोय, पीसीला मॉड्यूलच दिसंना झालेत

मोटरवाला_करवीर
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, शेतातली मोटर घरबसल्या चालू-बंद करायचे वायरलेस स्टार्टर बनवतो, ८६६ मेगाहर्ट्झवर. ग्राहकांची तक्रार ठरलेली, उन्हाळ्यात मस्त चालतंय आणि पावसाळ्यात ऊस डोक्याच्या वर गेला की रेंज निम्म्यावर येतीय. आमचा रिसिव्हर नक्की किती बारीक सिग्नल पकडतो ते आजवर एकानं बोर्ड धरून बसायचं आणि दुसऱ्यानं रिमोट घेऊन बांधावरनं चालत सुटायचं अशा पद्धतीनं तपासलं, आता ते बास म्हणून सेकंडहँड मॉड्यूलर जनरेटर घेतलाय. आठ स्लॉटची पीएक्सआय चासी (मोजमापाची कार्डं बसवायचा पत्र्याचा डबा), एक आरएफ जनरेटरचं मॉड्यूल (पाहिजे तेवढा रेडिओ सिग्नल तयार करणारं कार्ड) आणि पीसीला जोडायचं लिंक कार्ड नि त्याची जाड केबल. पैसे बरेच गेलेत त्यामुळं हात लावायलाच भीती वाटतीय.
काल रात्री कार्ड बसवली, पीसी चालू केला, ड्रायव्हर टाकला, मग चासीचं बटण दाबलं. फॅन फिरतोय, मॉड्यूलवर हिरवा दिवा पण लागतोय, पण सॉफ्टवेअरमध्ये काहीच दिसंना. तीनदा बंद-चालू केलं. केबल खराब असंल का? आणि हो, चासीच्या कडेला उलटा हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, ते जुनं असल्यामुळं असंल.

सोल्डरगन
भावा क्रम चुकलाय तुझा. आधी चासी, मग पीसी. ही लिंक म्हणजे पीसीच्या आतलाच पीसीआय एक्सप्रेस बस बाहेर ओढून चासीपर्यंत नेलेला असतो, आणि कुठल्या स्लॉटात काय बसलंय याची मोजदाद बायोस (पीसीचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) पीसी सुरू होतानाच करून टाकतो. त्या वेळी चासी झोपलेली असंल तर त्याच्या लेखी तिथं काहीच नाही, नंतर दिवे लागले तरी त्याचा उपयोग नाही. पेनड्राइव्हसारखं मधेच लावलं नि दिसलं असं न्हाई हे. बंद करताना उलट, आधी पीसी शटडाऊन, मग चासी.
करून बघ आणि सांग.

डीबीएम_काका
थांबा थांबा. अजून काहीही करू नका, चासीचा प्लग काढा आधी.
क्रमाचं सोल्डरगननी सांगितलं ते अगदी बरोबर आहे पण तुम्ही शेवटच्या ओळीत जे सहज लिहून गेलात ना, झिणझिण्यांचं, खरी गोष्ट तीच आहे. जुनं असल्यामुळं झिणझिण्या येत नसतात. तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही.
कसं होतं सांगतो. चासीच्या पॉवर सप्लायला आत फिल्टर असतो, त्यात फेजकडून बॉडीला एक आणि न्यूट्रलकडून बॉडीला एक असे दोन बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग असली की त्यातनं येणारा करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग तुटली की ते दोन कपॅसिटर म्हणजे सरळ व्होल्टेज डिव्हायडर, आणि पत्र्याची बॉडी २३० च्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास तरंगत बसते. करंट अगदी थोडा म्हणून फक्त झिणझिण्या, पण आत काही बिघडून फेज बॉडीला लागला तर तुम्हाला वाचवायला काहीच नाही. आधी स्वतःच्या जिवाचा विचार करा.
आता मशीनचा. चासी अशी तरंगतीय, आणि तुमचा रिसिव्हर बोर्ड दुसऱ्या सप्लायवर, अर्थ झालेला. तुम्ही एसएमए केबल (बारीक स्क्रूच्या कनेक्टरची आरएफ केबल) जोडायला गेलात आणि बाहेरचं कडं टेकायच्या आधी मधली पिन टेकली, तर तो सगळा व्होल्टेजचा फरक जनरेटरच्या आउटपुट भागातनं वाट काढणार. तिथली अँप्लिफायरची चिप काही मिलिवॅटची धनी. दिवा हिरवाच राहतो, सॉफ्टवेअरही सगळं ठीक म्हणतं, फक्त लेव्हल कायमची वीस डीबीनं, म्हणजे ताकद शंभराव्या हिश्श्यावर, खाली बसते. मी असा एक जनरेटर गमावलेला बघितलाय, वर्षभर पैसे साठवून घेतलेला होता, त्या पोराचा चेहरा अजून आठवतो. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.
मल्टिमीटर एसीवर लावून सॉकेटमध्ये तीन रीडिंग घ्या, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. जपून, एका हातानं. आकडे इथं टाका.

मोटरवाला_करवीर
काका प्लग काढला तसाच. सकाळी मोजलं, मोजण्यापुरती चासी त्याच पट्टीवर परत लावलेली, हात न लावता. फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ ११५, न्यूट्रल-अर्थ ११३. तुम्ही म्हणालात तस्संच निम्मं निम्मं. हे वाचून अंगावर काटा आला, कारण याच पट्टीवर गेली चार वर्षं सोल्डरिंग स्टेशन चालू आहे.

डीबीएम_काका
मग झालं तर निदान. वायरमन बोलवा आजच, एक्स्टेन्शन पट्टी फेकून द्या आणि भिंतीतल्या बोर्डापासनं तपासायला सांगा. नीट झाल्यावर फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलच्या जवळपास आलं पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या घरात.
आणि कुणी सांगेल की न्यूट्रलच अर्थच्या भोकात जोडून टाका, काम होतंय. अजिबात करू नका. न्यूट्रल कुठं सुटला की सगळी बॉडी २३० वर जाते.

शिरोली_इस्टेट
आमच्या इथं फाउंड्रीला लागूनच पॅनलचं दुकान आहे, तिथंही हाच प्रकार होता. इंडक्शन भट्टी चालू झाली की न्यूट्रल-अर्थ आठ-नऊ व्होल्टपर्यंत चढायचं. शेवटी टेस्टिंगच्या टेबलाला वेगळी अर्थिंग वायर सरळ मुख्य अर्थ पट्टीपर्यंत नेली तेव्हा थांबलं. उद्यमनगरात पण शेजारी लेथ, वेल्डिंग असणारच, त्यामुळं दुपारी वर्दळीच्या वेळेला परत एकदा मोजा, सकाळच्या आकड्यावर जाऊ नका.

विद्यानगर_लॅब
मी कॉलेजच्या लॅबमध्ये हीच कामं करते, मुलांना दरवर्षी शिकवते, म्हणून कार्ड बसवण्याबद्दल लिहिते. अर्थिंग झाल्याशिवाय पुढचं करू नका कारण पुढच्या सगळ्याचा पाया तोच आहे.
कार्ड बसवताना चासीचं बटण बंद पण पॉवरची केबल लावलेली, असं सांगितलेलं असतं. लोकांना हे उलटं वाटतं, केबल काढली की सुरक्षित असं आपण धरून चालतो. पण केबलमधल्या अर्थच्या तारेमुळंच चासीचा पत्रा जमिनीला जोडलेला राहतो आणि तुमच्या अंगावरचा स्टॅटिक चार्ज कार्डातनं न जाता पत्र्यातनं जातो. तुमच्याकडं ती तारच तुटलेली होती, म्हणजे मनगटाचा पट्टा बांधून चासीला चिमटा लावला असतात तरी उपयोग शून्य.
कार्ड पिशवीतनं काढायच्या आधी पिशवी चासीच्या पत्र्याला टेकवा. कार्ड धातूच्या कडेनं धरा, मागच्या पिनांना बोट नको. खालचं हँडल खाली दाबलेलं ठेवून कार्ड वरच्या आणि खालच्या दोन्ही खाचांत सरळ आहे ना ते बघा, मग हळू आत सरकवा, आणि शेवटचं इंचभर हँडल वर उचललं की ते आपोआप खेचून घेतं. अडलं तर जोर लावायचा नाही. बाहेर काढायचं, टॉर्च मारून आतल्या कनेक्टरची पिन वाकलीय का बघायचं. एक वाकलेली पिन म्हणजे सगळं बॅकप्लेन (चासीच्या मागचा, सगळे स्लॉट जोडणारा बोर्ड) गेलं. मग पुढच्या पट्टीचे वरचे-खालचे स्क्रू लावायचे. बरेच जण ते सोडून देतात, पण कार्डाच्या पट्टीचा चासीशी पक्का संबंध त्या स्क्रूंनीच येतो, आरएफ मध्ये त्याला फार किंमत आहे.
लिंक कार्ड पहिल्याच स्लॉटमध्ये, तो कंट्रोलरचा असतो, दुसरीकडं चालत नाही. बाकीच्या स्लॉटांवर खुणा असतात, एक्सप्रेसचं मॉड्यूल जुन्या साध्या स्लॉटात बसवायला जाऊ नका. तुमचे पाच-सहा स्लॉट रिकामे राहतील, त्यांच्या तोंडावर कोऱ्या पट्ट्या हव्यातच. त्या नुसत्या दिसायला नसतात, त्या नसल्या की फॅनची हवा उघड्या तोंडातनं पळून जाते आणि भरलेलं मॉड्यूल तापतं. सेकंडहँडवाले नेमक्या याच पट्ट्या देत नाहीत.

सोल्डरगन
मॅडम एकदम करेक्ट. आणि जुलैचा पाऊस आहे, भिंतींना ओल आलीय, हे पण धरा. डबा ट्रान्सपोर्टमधनं आला त्या दिवशी लगेच लावला का? थंड पत्र्यावर आतनं दव धरतं, ते डोळ्याला दिसत नाही. आणलं की झाकण उघडून निदान एक रात्र कोरड्या खोलीत ठेवायचं.

मोटरवाला_करवीर
लावला की त्याच दिवशी. पण आता चार दिवस झालेत उघडं आहे.
अपडेट. वायरमन आला, बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत नुसती गुंडाळून ठेवलेली, जोडलेलीच नव्हती. नवीन वायर ओढली, पट्टी बदलली. आता फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ १.४. दुपारी शेजारचं वेल्डिंग चालू असताना २.१. झिणझिण्या बंद. काका, तुमचे उपकार कसे फेडू.
दोन्ही कार्ड बाहेर काढून परत बसवली. आरएफचं मॉड्यूल खरंच पूर्ण आत गेलं नव्हतं, स्क्रू नसल्यामुळं दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिलेलं. पट्ट्या मिळाल्या नाहीत, ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या मापानं कापून घेतल्या इथंच. मग चासी चालू, अर्धा मिनिट थांबलो, मग पीसी. दिसलं! दोन्ही दिसले! सेल्फ टेस्ट पास.
आता पुढचा घोळ. १० मेगाहर्ट्झ, ० डीबीएम लावलं आणि ऑसिलोस्कोपवर बघितलं तर १.२६ व्होल्ट पीक टू पीक दिसतंय. हिशोबानं ०.६३ यायला पाहिजे. आउटपुट बिघडलं की काय? आणि स्क्रीनवर रेफरन्स अनलॉक म्हणून लाल येतंय मधेच.

शिरोली_इस्टेट
आउटपुट ठणठणीत आहे, घाबरू नका. स्कोपचा इनपुट १ मेगाओहमवर आहे तुमचा. जनरेटर असं धरून चालतो की पुढं ५० ओहम आहेत. आतले ५० आणि बाहेरचे ५० यांच्यात व्होल्टेज निम्मं निम्मं वाटलं जातं आणि त्या निम्म्याचा आकडा तो दाखवतो. पुढं काहीच लोड नसला की सगळंच्या सगळं स्कोपवर येतं, म्हणून बरोबर दुप्पट. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, ५० ओहमवर २२४ मिलिव्होल्ट आरएमएस, पीक टू पीक ०.६३२. स्कोपला ५० ओहमची सेटिंग असंल तर ती लावा, नसंल तर टी आकाराचा जोड लावून ५० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर). केबल टीव्हीची वापरू नका, ती ७५ ची असते.

मोटरवाला_करवीर
टर्मिनेटर लावला, ०.६२ आलं! केबल टीव्हीचीच होती हो, कसं ओळखलंत. आरजी ३१६ (५० ओहमची बारीक केबल) मागवली आता.

विद्यानगर_लॅब
रेफरन्सचं बघा. जनरेटरला एक १० मेगाहर्ट्झचं घड्याळ लागतं आणि ते तीन ठिकाणांहून घेता येतं, मॉड्यूलच्या स्वतःच्या आतलं, चासीच्या बॅकप्लेनवरचं, किंवा पुढच्या सॉकेटला बाहेरून जोडलेलं. सेकंडहँड मशीनबरोबर आधीच्या मालकाची सेटिंग किंवा कुणाचा तरी उदाहरण प्रोग्रॅम येतो आणि त्यात बाहेरचं निवडलेलं असतं. केबल तर तुम्ही लावलेली नाही, मग ते लॉक कशाला होणार? आतलं निवडा, जाईल.
पण लॉक झालं म्हणजे लगेच मोजायला बसू नका. अर्धा तास गरम होऊ द्या, मग सेल्फ कॅलिब्रेशन, मग मोजमाप. तुमच्यासाठी हे महत्त्वाचं आहे, ८६६ मेगाहर्ट्झवर एक पीपीएम (दहा लाखांत एक) सरकलं तरी ८६६ हर्ट्झचा फरक पडतो, आणि अरुंद बँडचा रिसिव्हर असेल तर तुम्हाला वाटेल रिसिव्हर बहिरा आहे, आणि खरं तर जनरेटरच बाजूला सरकलेला असेल.

रंकाळा_रात्री
मध्येच एक विचारू का, छोटी अँटेना लावून एफएमच्या पट्ट्यात गाणं सोडता येईल का या जनरेटरमधनं? घरातल्या घरातच.

डीबीएम_काका
नाही. ९४.३ ला टोमॅटो एफएम आहे, १०२.७ ला आकाशवाणी, त्या पट्ट्यात लायसन्स नसताना एक मिलिवॅट सुद्धा हवेत सोडायचा हक्क आपल्याला नाही. जनरेटरचं आउटपुट कायम केबलमध्ये, ॲटेन्युएटरमध्ये (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड) नाहीतर ५० ओहमच्या टोपीत संपलं पाहिजे. हवेत काही करायची हौस असेल तर हॅमची (हौशी रेडिओची) परीक्षा द्या, मी शिकवीन, पैसे न घेता.

रंकाळा_रात्री
बरं काका, माहीत नव्हतं. परीक्षेचं मेसेज करतो.

डीबीएम_काका
करवीर, आता तुमच्या बोर्डाकडं या, कारण मला रात्रभर तीच काळजी आहे. तुमचा स्टार्टर नुसता रिसिव्हर नाही ना? मोटर चालू झाली की उलट उत्तर पाठवत असेल?

मोटरवाला_करवीर
हो, दोन्ही. मोटर चालू झाली की रिमोटवर हिरवा दिवा लागतो. २० डीबीएमनं पाठवतो.

डीबीएम_काका
तेच म्हटलं. २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट. जनरेटरनं कमांड दिली, बोर्डाला ती बरोबर मिळाली, आणि बोर्डानं शहाण्यासारखं उत्तर दिलं, तर ते १०० मिलिवॅट सरळ जनरेटरच्या आउटपुटात उलटे घुसणार. म्हणजे टेस्ट यशस्वी झाली की मशीनला मार.
पहिलं, टेस्टसाठी उत्तर पाठवायचं बंद केलेलं फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्रॅम) बनवा. दुसरं, त्याच्यावर विश्वास ठेवू नका आणि मधे ३० डीबीचा पॅड, म्हणजे ॲटेन्युएटरच, कायमचा घट्ट बसवून टाका, त्यानं उलटे आले तरी वजा १० डीबीएमच पोचतील, त्यानं काही होत नाही. पॅड निदान एक-दोन वॅटचा घ्या. जनरेटरवर वजा ८० डीबीएम लावलं की बोर्डाला वजा ११० मिळेल, वजा आकडा जितका मोठा तितका सिग्नल बारीक, आणि तुम्हाला तसंही बारीकच सिग्नल पाहिजे. बोर्डाच्या अँटेना पिनवर डीसी येतंय का तेही मीटरनं बघा, असलं तर डीसी ब्लॉक लावा.
जोडताना आउटपुट सॉफ्टवेअरमधनं बंद, लेव्हल सगळ्यात खाली, मग जोडणी, मग चालू. एसएमएचं नट फिरवायचं, केबल नाही. केबल फिरवली की मधली पिन घासत जाते. पान्यानं आवळायचं तर ८ मिलिमीटरचा, आणि पितळी कनेक्टरला ०.५६ न्यूटन-मीटर बास झालं, स्टीलच्याला साधारण १. उद्यमनगरातल्या हाताला हे फार हलकं वाटेल पण तेवढंच.

सोल्डरगन
लाईट जाते त्याचं पण बघ भावा. चासी आणि पीसी एकाच यूपीएसवर घे. चासी मधेच गेली आणि पीसी चालू राहिला की पीसी जागेवर लटकतो.

मोटरवाला_करवीर
आठवड्यानं आलो. पॅड आला, केबल आली, यूपीएस लावला, फर्मवेअर पण बदललं. मॉड्यूलमध्ये एफएसके (फ्रिक्वेन्सी बदलत डाटा पाठवायची पद्धत) आहे, आमचाच कमांडचा डाटा त्याच्यातनं पाठवला. अर्धा तास गरम केलं, सेल्फ कॅलिब्रेशन केलं, आणि वजा ९० पासनं एकेक डीबी खाली उतरत गेलो.
वजा ११० झालं, तरी रिले (कमांड मिळाली की चालणारा स्विच) टिकटिक करतोय. वजा १२५, तरी करतोय. पोरं नाचायला लागली. मला काय ते पटंना. म्हणून बोर्डाकडची केबल काढून हातात धरली, तरीही टिकटिक! म्हणजे सिग्नल केबलमधनं येतच नव्हता?

विद्यानगर_लॅब
फार छान केलंत की केबल काढून बघितलीत, बरेच जण तो आकडा कॅटलॉगमध्ये छापून मोकळे होतात. सिग्नल गळतोय. पॅड पुढं आहे, पण पॅडच्या आधी केबलमध्ये ३० डीबी जास्त ताकदीचा सिग्नल आहे, तिथल्या एखाद्या सैल जोडातनं तो हवेत येतो आणि तुमचा उघडा बोर्ड तो हवेतनंच उचलतो. पॅड जनरेटरच्या तोंडावरच लावा, केबल त्याच्या पुढं. आणि बोर्डाला पत्र्याच्या डब्यात घाला, बिस्किटाचा मोठा डबा चालतो. एसएमएचं पॅनल सॉकेट डब्याच्या पत्र्यात बसवा, झाकणाच्या कडेचा रंग खरवडून तांब्याची पट्टी चिकटवा, आणि बॅटरी डब्याच्या आतच ठेवा. सप्लायची वायर बाहेर काढलीत तर तीच अँटेना होते.

मोटरवाला_करवीर
केलं सगळं. दिवाळीचा चकलीचा डबा आईनं दिला, झाकण नीट लागतंय म्हणून. आता केबल काढली की रिले गप्प. खरा आकडा आला, वजा १०१ पर्यंत शंभरातल्या शंभर कमांड पोचतात, वजा १०४ ला निम्म्या, पुढं काही नाही. चिपच्या माहितीपत्रात वजा ११० लिहिलंय.
मग डबा उघडून बोर्डावरचा स्टेप-डाऊन सप्लाय काढून बॅटरीवर थेट चालवून बघितलं. वजा १०९! म्हणजे तीन वर्षं आमच्याच बोर्डावरचा सप्लाय विजेचा गोंधळ (नॉइज) करून आमच्याच रिसिव्हरचे कान बंद करत होता, आणि आम्ही उसाला दोष देत होतो. शिरोळपासनं राधानगरीपर्यंत किती शेतकऱ्यांना सांगितलं असंल की अँटेना अजून उंच बांधा म्हणून, रात्री चिखलातनं मोटरीपर्यंत गेलेत ती माणसं. आता तिथं तो गोंधळ अडवायला फेराइट आणि फिल्टर टाकून बोर्ड नवीन काढतोय, आणि जुने बोर्ड बदलून द्यायचं ठरवलंय, पैसे न घेता.

डीबीएम_काका
वाचून डोळ्यात पाणी आलं बघा. पाच-सहा डीबी मिळाले तरी उसातनं बराच फरक पडतो. नवीन बोर्ड आले की आणखी दहा नग त्याच डब्यात तपासा, एकावर जाऊ नका.

कागल_फेज३
नमस्कार, सगळा धागा वाचला. आमचे पण पाण्याच्या टाकीचे वायरलेस लेव्हल सेन्सर आहेत, ८६६ लाच. करवीर साहेब, तुमच्या डब्यात आमचे दोन बोर्ड तपासून मिळतील का? आमचं उत्तर पाठवायचं बंद करता येत नाही पण.

मोटरवाला_करवीर
या की. पॅड जनरेटरच्या तोंडावर कायमचाच आहे, त्यामुळं चालेल. पण बोर्डाच्या अँटेना पिनवर डीसी आहे का ते आधी मोजून या, आणि बॅटरी तुमची आणा. शनिवारी साडेदहाला चासी चालू करून ठेवतो, तुम्ही अकराला या, तोवर गरम झालेली असंल.

विद्यानगर_लॅब
शनिवारी मला पण अर्धी सुट्टी आहे. लॅबची परवानगी काढून पॉवर मीटर आणते, पॅड आणि केबल मिळून खरंच किती डीबी खातात ते ८६६ वर मोजून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवू.